पाना, फाळ आणि कानस : तासगावच्या मुलखात हत्यार ‘विकत’ कसे मिळू लागले?

१/
तासगावच्या एखाद्या तरुणाने नवा पाना-संच, पक्कड किंवा ड्रिल विकत घेतले, की संध्याकाळपर्यंत त्याचे छायाचित्र मित्रांच्या मोबाइलवर पोहोचलेले असते. किंमत, कंपनी, पोलाद, पकड यांवर चर्चा रंगते. घेणारा द्राक्षबागायतदाराचा मुलगा असेल, शिक्षक असेल किंवा बँकेतला कारकून असेल. ही हत्यारे त्याच्या पोटापाण्याची नसतात, हौसेची असतात. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र याच मुलखात हे दृश्य जवळजवळ अशक्य होते.

२/
त्या काळी हत्यारे नव्हती असे नाही. ती होती, उत्तम होती आणि त्यांवर हात बसलेले कारागीरही होते. नव्हती ती एक साधी गोष्ट : कोणीही उठावे, बाजारात जावे, घडवण्याचे हत्यार विकत घ्यावे आणि ते चालवायला शिकावे, ही मुभा. ही मुभा कशी आली, ती येताना कोणाचे भले झाले आणि कोणाला किंमत मोजावी लागली, याचा हा मागोवा.

३/
प्रथम भूगोल. तासगाव हे पटवर्धन सरदारांचे ठाणे. १८४८ मध्ये ते इंग्रजी अमलाखाली गेले आणि पुढे सातारा जिल्ह्याचा तालुका झाले. पण भोवतालचा नकाशा गोधडीसारखा होता. इकडे इंग्रजी मुलूख, तिकडे सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, आणि मध्येच औंधच्या पंतप्रतिनिधींची काही गावे. कुंडल हे त्यांपैकी एक. ही तुकड्यांची रचना लक्षात ठेवावी. पुढे तिला महत्त्व येणार आहे.

४/
या भागातील हातांचे कसब पाहायचे असेल तर तासगावचे गणपती मंदिर पाहावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळात उभे राहिलेले त्याचे सात मजली गोपुर महाराष्ट्रात विरळाच आढळते. पाथरवटाची छिन्नी, गवंड्याची थापी, सुताराचा वाकस आणि लोहाराचा घण एकत्र आल्याखेरीज असे काम होत नाही. कौशल्य भरपूर होते. मात्र ते जातींच्या कप्प्यांत वाटलेले होते.

५/
त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. सुतार आणि लोहार हे गावचे बलुतेदार. शेतकऱ्याचे नांगर, कुळव, पाभर दुरुस्त ठेवणे हे त्यांचे काम, आणि सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य हा त्यांचा मोबदला. काम ठरलेले, गिऱ्हाईक ठरलेले आणि मुलाने पुढे काय करायचे तेही ठरलेले. हत्यार या व्यवस्थेत वारशाने येत असे. ते दुकानातून येत नसे.

६/
सुताराच्या पेटीत वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता, गुण्या. लोहाराच्या शाळेत ऐरण, भाता, घण, सांडशी, छिन्नी, कानस. यांतील बरीचशी हत्यारे गावातच जन्म घेत. सुताराच्या वाकसाचे पाते लोहार घडवी आणि लोहाराच्या घणाचा दांडा सुतार तासून देई. दोघांचे संसार एकमेकांच्या हत्यारांत अडकलेले होते. या देवघेवीत रोख पैशाला फारशी जागा नव्हती.

७/
मग बाजारात काहीच विकले जात नव्हते का? जात होते. घिसाडी पाल ठोकून विळे, कोयते, खुरपी घडवून विकत. कुऱ्हाड, कुदळ, पहार शेतकऱ्याच्या घरी असेच. पण येथे एक भेद महत्त्वाचा आहे. ही वापरण्याची हत्यारे होती. वस्तू घडवण्याची आणि दुरुस्त करण्याची हत्यारे वेगळी. ती कारागीर जातींच्या घरांत राहत. शेतकऱ्याच्या मुलाने हौसेखातर रंधा घेतला, असे सहसा होत नसे. ब्राह्मणाच्या मुलाने भाता ओढणे तर दूरच.

८/
याला जातीइतकेच एक तांत्रिक कारणही होते. प्रत्येक वस्तू नजरेने आणि हाताच्या मापाने घडत असे. एका नांगराचा फाळ दुसऱ्या नांगराला जसाच्या तसा बसेल याची खात्री नव्हती. म्हणून वस्तू मोडली, की ती घडवणाऱ्याकडेच जावे लागे. सुटा भाग विकत आणून घरी बसवणे ही कल्पनाच अशा जगात उभी राहू शकत नाही. आजच्या पाना-संचाचा सारा आधार प्रमाणित मापावर आहे. माप नाही तर पानाही नाही.

९/
हे माप आले विलायतेहून. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि व्यासागणिक इंचाला किती आटे हे ठरलेले. पुढे इंग्रजी यंत्रांबरोबर ते प्रमाण हिंदुस्थानात उतरले. आपल्याकडील कारागिरांनी इंचाचे आठ भाग केले आणि प्रत्येकाला ‘सूत’ म्हटले. तीन सुती, चार सुती हे शब्द आजही लोखंडाच्या दुकानात ऐकू येतात.

१०/
आता या कथेत सायकल येते. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ ही दोन समान चाकांची सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या धावेचे पेटंट घेतले. सायकल ही नट-बोल्टांवर उभी असलेली वस्तू आहे. ती घेणाऱ्याला आज ना उद्या पाना हाती धरावाच लागतो. नेमक्या याच १८८८ सालाशी किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ जोडला जातो.

११/
लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगावजवळील गुर्लहोसूर. घरात परंपरेने विद्येचा मान, मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तेथे लक्षात आले, की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंगांचे दार बंद झाले तेव्हा त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचे दार उघडले. रेषेवरचा हात तर पक्का होताच.

१२/
१८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली. लक्ष्मणराव तेथे शिक्षक झाले. या संस्थेचे महत्त्व केवळ शिक्षणापुरते नाही. लेथ, कानस, वाईस ही साधने येथे जातीच्या अंगणातून उचलून वर्गात आणून ठेवली गेली. फी भरून, प्रवेश घेऊन हत्यार शिकता येते, हे सामाजिक दृष्ट्या नवे होते. लक्ष्मणरावांनी शिकवता शिकवता यंत्रे स्वतः हाताळून आत्मसात केली.

१३/
इकडे बेळगावात बंधू रामूअण्णा. दोघांनी मिळून सायकलींचे दुकान सुरू केले. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. त्या काळच्या पगारांशी तुलना केली, की ही केवढी श्रीमंती हौस होती ते ध्यानात येते. मुंबईत पदोन्नतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला जागा दिल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

१४/
सायकलीचे दुकान ही या कथेतील कळीची जागा आहे. तेथे एक पांढरपेशा माणूस उघडपणे ग्रीसने हात काळे करत होता, तेही पोटासाठी आणि आनंदासाठी. सायकल नवी असल्याने तिच्या दुरुस्तीवर कोणत्याही जातीचा वंशपरंपरागत हक्क नव्हता. सुताराचा वाकस उचलणे म्हणजे सुताराच्या वतनात हात घालणे. सायकलीच्या पान्याला मात्र असा धनी नव्हता. नव्या वस्तूने नव्या हातांना वाट करून दिली.

१५/
सायकलींनंतर बंधूंनी शेतकऱ्याकडे वळायचे ठरवले. प्रथम आले कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा अखंड टाकला, की जनावर पाने खाते आणि ताटाचा बराचसा भाग तुडवून वाया घालवते. बारीक कुट्टी केली, की तोच चारा अधिक दिवस पुरतो. मोठे चाक, त्यावर पाती, आणि फिरवायला माणसाचा हात. शेतकऱ्याला पटायला सोपे असे हे यंत्र होते, कारण त्याचा फायदा गव्हाणीत दिसत होता.

१६/
खरी परीक्षा नांगराची होती. जुना लाकडी नांगर बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, टोकाला लोखंडी फाळ. तो जमीन चिरत जाई, पण उलथत नसे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. वरून चिरल्याने ती तुटत आणि पुन्हा फुटत. भारी जमिनीत सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी पलटी नांगर मात्र ढेकूळ उलटे करून मुळ्या उन्हात टाकतो.

१७/
असे असूनही किर्लोस्करांचे पहिले नांगर गिऱ्हाइकाविना जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट नेहमी अडाणीपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती अर्धीच बाजू आहे. शेतकऱ्याचा हिशेब व्यवहाराचाही होता. लाकडी नांगर मोडला तर बलुत्याच्या धान्यात सुतार तो नीट करून देई. हा लोखंडी नांगर भर पेरणीत मोडला तर तो कोण दुरुस्त करणार, आणि रोख पैसा कोठून आणणार?

१८/
थोडक्यात, शेतकरी नांगर विकत घेत नव्हता. त्याला एका व्यवस्थेतून बाहेर पडून दुसऱ्या व्यवस्थेत पाऊल टाकायचे होते. जुन्या व्यवस्थेत दुरुस्तीचा भरवसा माणसावर होता. नव्या व्यवस्थेत तो सुट्या भागांवर ठेवायचा होता. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर दख्खनमध्ये येतच होते. स्पर्धेत टिकायचे तर किर्लोस्करांना नांगराइतकाच त्याचा फाळ आणि बोल्ट वेळेवर मिळेल याची हमी द्यावी लागणार होती.

१९/
इतक्यात बेळगावच्या नगरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. येथे गोधडीसारखा नकाशा कामाला येतो. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलांचे जाणकार. औंध येथील सभामंडपाच्या कामानिमित्त लक्ष्मणरावांशी त्यांचा परिचय झालेला होता. त्यांनी आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा आणि बिनव्याजी दहा हजार रुपये देऊ केले. रंग सोडून यंत्राकडे वळलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने हात दिला.

२०/
जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर. पुणे-मिरज लोहमार्ग शेजारून जात होता, हा तिचा मोठा गुण. बाकी सारे अवगुणच : माळ, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० या दिवशी लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले आणि किर्लोस्करवाडीचा जन्म झाला. साधारण पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढीच प्रारंभीची वस्ती. जमशेदपूरच्या उभारणीलाही तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

२१/
आज किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात आहे. पलूस वेगळा तालुका होण्यापूर्वी या टापूचा व्यवहार तासगावशीच जोडलेला होता. म्हणजे ज्या मुलखात हत्यार वारशाने येत होते, त्याच मुलखाच्या मधोमध एक वस्ती उभी राहिली, जेथे माणूस कोणत्याही घरातून येऊन कानस धरू शकत होता. गावगाड्याच्या कुशीतच कारखान्याची भट्टी पेटली.

२२/
भट्टीत नेमके काय होते ते पाहणे आवश्यक आहे. ओतीव लोखंडाचा भाग बनवण्यासाठी आधी त्याची लाकडी प्रतिकृती तयार करतात. ती ओलसर वाळूत दाबून पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. थंड होताना लोखंड आक्रसते, म्हणून प्रतिकृती किंचित मोठी ठेवावी लागते. हे काम सुताराच्या हाताचे. लोखंडी नांगराचे ओतीव भागही आधी लाकडात घडतात, आणि मगच लोखंडाचे होतात.

२३/
‘कारखान्याने सुताराला संपवले’ हे विधान म्हणून पुरेसे नाही. पलटी नांगराने गावच्या सुताराचे मोठे काम हिरावले आणि त्याबरोबर खळ्यावरच्या धान्यावरचा त्याचा हक्क दुबळा झाला, हे खरे. त्याच वेळी ओतशाळेत त्याच्या नजरेची आणि पटाशीची गरज निर्माण झाली. पण प्रत्येक सुताराला ओतशाळा गाठता आली नाही. जो गेला तो मासिक पगाराचा धनी झाला. जो गावात राहिला त्याच्या वाट्याला घटते बलुते आले. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याचेच नाव अधिक सापडते.

२४/
गावगाड्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बलुत्याचा सुतार काम नाकारू शकत नव्हता, दर वाढवू शकत नव्हता, आणि दुष्काळात शेतकऱ्याबरोबर तोही उपाशी राहत होता. हातात उत्तम कसब असूनही ते कोणाला, किती किमतीला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. नव्या व्यवस्थेने त्याची सुरक्षितता काढून घेतली आणि निवडीची शक्यता दिली. हा सौदा कोणाला परवडला, हे त्याच्या घरच्या स्थितीवर अवलंबून होते.

२५/
शेतकऱ्याच्या घरात झालेला बदल लहान पण खोल होता. लोखंडी नांगराचा फाळ बोल्टने बसवलेला. झिजला की बोल्ट सोडवायचा, नवा फाळ लावायचा, बोल्ट आवळायचा. त्यासाठी घरात पाना हवा. कोनाड्यात विळ्या-खुरप्यांशेजारी पाना विसावला, तेव्हा वापरण्याचे हत्यार आणि दुरुस्तीचे हत्यार यांतील जुनी भिंत पडली. आजच्या हौशी गॅरेजचा पाया या कोनाड्यात आहे.

२६/
पहिल्या महायुद्धात विलायतेहून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला. भट्टी थंड पडण्याची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावर पडून असलेल्या निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. ऐतिहासिक वस्तू म्हणून त्या तोफांचे मोल आज वेगळे वाटेल. पण शेती व उद्योगाची तळमळ असलेल्या राजाने त्या क्षणी काय अधिक मोलाचे मानले, हेही इतिहासाचेच साधन आहे.

२७/
१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवावी हा आरंभीचा हेतू. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील गाजलेले मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडेही त्याच माळावर जन्मली. नव्या यंत्राविषयी वाचणे, बोलणे आणि दुसऱ्याला दाखवणे या सवयीचे एक उगमस्थान हे आहे.

२८/
शेजारच्या कोल्हापुरात याच सुमारास एक वेगळा प्रयोग चालू होता. बाबूराव पेंटर म्हणून पुढे गाजलेले बाबूराव मेस्त्री हे कारागिरांच्या घराण्यातले. बंधू आनंदरावांसह त्यांनी चलच्चित्राच्या यंत्राचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. त्यानंतर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी देशी कॅमेरा सिद्ध केला आणि त्यातून पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. यंत्र खोलून, समजून, पुन्हा घडवणाऱ्या हातांची ही दुसरी परंपरा : वारसा जुना, विषय मात्र नवा.

२९/
१९२६ मध्ये लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून अभियांत्रिकी शिकून परतले. त्या दशकात किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप बनू लागले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना निघाला. लेथ हे ‘हत्यारे घडवणारे हत्यार’. जो देश लेथ बाहेरून आणतो, त्याचा प्रत्येक बोल्ट अखेर बाहेरच्याच मर्जीवर असतो. नांगरापासून लेथपर्यंतचा हा प्रवास तीन-चार दशकांचा आहे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

३०/
त्याच १९५६ मध्ये भारताने वजन-मापांसाठी मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. हळूहळू सुताची जागा मिलिमीटरने घेतली. फिटरच्या तोंडी ‘दहाचा पाना’, ‘बारा-तेराचा पाना’ हे शब्द रुळले. पण जुनी मापे पूर्ण मेली नाहीत. सळई आजही सुतात मागितली जाते आणि नळ इंचात. एकाच माणसाच्या बोलण्यात व्हिटवर्थचा काळ आणि स्वतंत्र भारताचा काळ शेजारी शेजारी नांदतो.

३१/
तासगाव तालुक्याचे पुढचे पान द्राक्षांचे. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात या तालुक्याचे आणि त्याच्या दैवताचे नाव मिरवते. द्राक्षबाग हे हत्यारांचे शेत आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, तारा ताणणे, फवारणी यंत्र उघडणे आणि जोडणे. धारदार कात्री, पक्कड आणि पाने यांवाचून बागायतदाराचा दिवस सरत नाही. उत्पन्न आले, फवारणी यंत्र आले, ट्रॅक्टर आला आणि घरामागच्या शेडचे गॅरेज झाले.

३२/
खंडेनवमीला हत्यारे पुजण्याची रीत जुनी आहे. पूर्वी सुतार वाकस पुजत, लोहार ऐरण पुजत आणि शेतकरी आपली अवजारे पुजत. ज्याची ओळख ज्या हत्याराशी, ते त्याच्या पाटावर. आज एकाच पाटावर कोयता, पाना-संच, ड्रिल आणि लॅपटॉप दिसतात. पूजा तीच आहे. पाटावरील गर्दी मात्र सांगते, की हत्यार आता जन्माने ठरत नाही. एवढा बदल व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही.

३३/
इतिहासाच्या अभ्यासकाने घरातील जुन्या हत्यारांकडे कागदपत्रांइतक्याच आदराने पाहावे. पाते कोठे झिजले आहे यावरून कामाचा प्रकार कळतो. दांडा मूळचा की बदललेला, यावरून दुरुस्तीची सवय कळते. बोल्ट सुती मापाचा की मिलिमीटरचा, यावरून काळाचा अंदाज येतो. ओतीव अक्षरे किंवा शिक्का असेल तर कारखाना सापडतो. आणि हे हत्यार घरात वारशाने आले, बलुत्याच्या कामातून आले की रोख पैशाने आले, हा प्रश्न आजोबांना अवश्य विचारावा.

३४/
भंगाराच्या दुकानात दर आठवड्याला असे कित्येक फाळ, सामते आणि रंधे वजनावर विकले जातात. भंगारवाल्याच्या काट्यावर त्यांचे मोल किलोत होते. त्यांत साठलेली माहिती मात्र वितळताच कायमची जाते. पन्हाळ्याच्या तोफा वितळल्या तेव्हा निदान त्याची आठवण राहिली. गावच्या सुताराच्या वाकसाची आठवण ठेवायला त्याचे नाव कोठे लिहिलेलेही नाही. एखादा जुना वाकस हाती आलाच, तर त्याचे छायाचित्र काढावे, माप घ्यावे आणि तो कोणाच्या हातचा होता ते नाव, गाव, साल यांसह लिहून ठेवावे.